आंतरराष्ट्रीय भानगडींची शाळा

"ताजी खबर! आमच्या शाळंत नवीन डीनबाई आल्या!"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीच्या तोंडाशी चहाचा गाडा आहे. तिथे सकाळी कुणी उसाच्या दराबद्दल बोलत असतं, कुणी गुडघ्यांबद्दल. थोरात सुभेदार मात्र टाचा जुळवून उभे राहतात, घसा खाकरतात आणि अमेरिकेतल्या एका शाळेच्या बातम्या देतात. डीन म्हणजे कोण, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "हेडमास्तरीन रं! शिस्तीची बाई दिसती."

सुभेदार मूळचे कडेगावचे. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं ते एकुलत्या एका लेकीच्या, वैशूच्या शिक्षणासाठी. बायको पुढे लवकर गेली. वैशू हुशार निघाली आणि शिकत शिकत थेट अमेरिकेतल्या 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स'मध्ये पोचली. तिथे पदवीच्या पुढचं शिकवतात, पण नावातच स्कूल असल्यामुळे सुभेदारांच्या लेखी ती शाळाच.

हे नाव गाड्यावर पहिल्यांदा जाहीर झालं तेव्हा दूधवाला बापू म्हणाला, "अफेअर शिकायला येवढ्या लांब? आवं, आपल्या एस्टी स्टँडवर फुकटात शिकत्यात पोरं!" गाडा खदखदून हसला. सुभेदारांनी अर्धा कप तसाच ठेवला आणि तडक माझ्याकडे आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो.

"सर, अफेअर म्हंजे लफडंच का वो?"

मी समजावलं, की देशादेशांतले व्यवहार, तह, तंटे असं सगळं त्यात येतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि चेहरा उजळला. "म्हंजे भानगडी म्हना की!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूला ऐकवलं, "लफडं मानसाचं अस्तंय गड्या. भानगड देशाची अस्ती! आमची पोरगी भानगडी मिटवायला शिकतीया." त्या दिवशी सुभेदारांच्या चहाचे पैसे बापूनं दिले, हा कॉलनीच्या इतिहासातला दुर्मीळ प्रसंग.

वैशूनं जाताना त्यांच्या मोबाईलवर शाळेच्या बातम्या येतील अशी सोय करून दिली होती. बातम्या इंग्रजीत, म्हणून त्या माझ्या फाटकातून गाड्यावर जात. वाटेत त्यांचं काय होई ते मी कसं सांगणार! एकदा मी 'राजदूत व्याख्यान देऊन गेले' असं सांगितलं. गाड्यावर सुभेदार गरजले, "आमच्या शाळंत राजदूत आलावता!" बापूनं विचारलं, "अजून किक मारली की चालू हुती का वो ती फटफटी?"

नद्यांच्या पाण्यावरून होणाऱ्या तंट्यांचा नवा अभ्यासक्रम निघाला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पूर पाहिलेली माणसं ती. बापूच म्हणाला, "सुबेदार, आपल्या किष्णामाईचं बी घ्या म्हनावं त्यात."

बातमी वाचून झाली की सुभेदारांचा एक प्रश्न ठरलेला असे: "आनि शेवटाला काय लिवलंय?" शेवटी शाळेचा पत्ता आणि फोन नंबर. तेही मी वाचायचो. मला वाटे, फौजी माणूस, हुकूम पुरता ऐकल्याशिवाय हलायचा नाही.

अभ्यासक्रम संपला की वैशू परत येणार होती. सुभेदारांनी वरच्या खोलीला रंगही देऊन घेतला होता. 'असला कसला रंग' असं ती म्हणणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आणि गेल्या महिन्यात बातमी आली. शाळेनं नद्यांच्या प्रश्नांसाठी नवं केंद्र काढलं होतं आणि तिथल्या नेमणुकांत आमची वैशू होती. फोटोसकट. मला इतका अभिमान वाटला की वाचताना माझाच आवाज चढला. मग ती खोली आठवली आणि उतरला.

सुभेदार ताठ उभे होते. "पोस्टिंग छापून बी आलं म्हना की! कालच फोनवर रडत हुती. येऊ का म्हनली. म्या म्हनलं, पोस्टिंग सोडून येतंय व्हय कुनी?"

सांगलीत पेढ्यांची दुकानं कमी नाहीत, पण सुभेदार एसटीनं साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घेऊन आले. गाड्यावर बापूनं पेढा तोंडात टाकून खाडकन सलाम ठोकला, आणि तो चेष्टेतला नव्हता.

संध्याकाळी माझा पेढा घेऊन ते घरी आले. बातमी पुन्हा वाचून घेतली. "आनि शेवटाला काय लिवलंय?"

"नेहमीचंच. पत्ता, फोन."

"सुट्टीचं काय न्हाई?"

मी नकारार्थी मान हलवली. इतके दिवस ते शेवटाला काय शोधत होते, ते मला आत्ता कळलं. ते पायरीवर बसले.

"म्या बार्डरवर असताना वैशूची आई माजं पत्र दुसऱ्याकडनं वाचून घ्यायची. लढाईचं, बर्फाचं काय बी लिवा, ती इचारायची, शेवटाला सुट्टीचं काय लिवलंय? घरी आलो की म्या लय हसायचो तिला." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "आता तिची ड्युटी माज्याकडं आली."

ते उठले, टोपी सारखी केली आणि फाटकाशी जाऊन वळले.

"सर, उद्या खबर आली की येतोच म्या. आनि शेवटापतुर वाचत जावा."