तीन दिवे आणि तिसरा रकाना

वेळ: दोन वाजून दहा.
काय दिसलं: आकाशात तीन दिवे. हलते.
कारवाई: शिट्टी मारली. थांबले नाहीत.

पाण्याच्या टाकीवरच्या पहारेकऱ्याने नोंदवहीत हे लिहिलं, कारण तिसरा रकाना कोरा ठेवायला बंदी होती. कोरा रकाना म्हणजे झोपलेला पहारेकरी, आणि झोपलेल्याची पेन्शन बुडते. त्याचे चारच महिने राहिले होते. शिट्टी त्याने खरोखर मारली होती. खोटं त्याला लिहिताच येत नसे.

"अहो, दिसलं तर दिसलं. लिहायचं कशाला?" सकाळी घरी बायकोने विचारलं.

"दिसलं म्हणून."

"मला तुमच्यात पस्तीस वर्षं काय काय दिसतंय. मी लिहीत बसले का?"

वेळ: सकाळी साडेदहा.
काय दिसलं: हेडक्लार्कचं बोट. 'थांबले नाहीत'वर थांबलेलं.

"म्हणजे तिघं आवारात आले आणि तुम्ही सोडून दिलेत?"

"आवारात कुठे? आभाळात होते!"

"आवार वर कुठपर्यंत, हे नियमात दिलेलं नाही. म्हणजे आभाळही आपलंच."

तीन अनोळखी, पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर. पाण्यात काही टाकलं असेल तर? कारवाई: दुपारी पाणी बंद. संध्याकाळी पहारेकऱ्याच्या दारात रिकाम्या बादल्या.

"वहिनी, तुमच्या ह्यांच्या चांदण्यांपायी आमचा संडास तुंबलाय!"

बायकोने दार लावून घेतलं. आतून ती म्हणाली, "आता पेन्शनवरही पाणी सोडा."

वेळ: रात्री. साहेब स्वतः.

साहेब वयाने पहारेकऱ्याच्या मुलाएवढे. खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन बसले. "काका, आज दिवे दिसले तर तुम्ही सुटलात. नाहीतर खोटी नोंद. घरी जायचं."

दोन वाजून दहा मिनिटांनी दिवे आले. तिन्ही. टाकीवर येऊन थांबले. मग एक खाली उतरला, इतका खाली की टाकीच्या पाण्यात त्याचंच प्रतिबिंब दिसलं. साहेबांचा चहा बुटात सांडला, तरी पाय हलला नाही.

"शिट्टी मारू?"

"गप्प बसा हो!"

दिवे गेले. मग साहेबांनी नोंदवही ओढली. अक्षर सुवाच्य आलं.

काय दिसलं: काही नाही.
कारवाई: पहारेकऱ्यास कमी केले.

"साहेब, तुम्ही बघितलंत."

"काका, तुमचे चार महिने राहिलेत. माझी बावीस वर्षं."

पहारेकऱ्याने किल्ल्या, काठी, टॉर्च टेबलावर मांडली, पोच घेतली आणि अंधारात चालू लागला. मागून बुटांचा पचपच आवाज आला.

"काका... काका, थांबा ना."

"मी आता इथला नाही, साहेब."

"माहितेय हो. गाडीपर्यंत तेवढं सोडा."