घंटागाडीवरचं निरूपण

मंडळी, कचऱ्यातलं मला सगळं कळतं. एकोणीस वर्षं मुकादम आहे मी. झाकण न उघडता नुसत्या वासावरून सांगेन, की या घरात काल पाहुणे होते की भांडण. तेव्हा घंटागाडीवर आमच्या कीर्तनकार बुवांच्या निरूपणाची टेप लावायची युक्ती माझीच, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचा वॉर्ड म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कारखान्यांची धुरांडी आणि मध्ये आम्ही, दारात सापडलेल्या बोटासारखे. गाडीवर कचरा भरायला चार बायका. त्यांत थोरली अक्का, बावीस वर्षं कंत्राटावर. एके दिवशी फर्मान आलं: गुरुवारी तपासणी. ओला-सुका कचरा वेगळा निघाला नाही, तर चौघींना घरी बसवून यंत्र आणणार.

"आणा म्हणावं यंत्र," अक्का म्हणाली. "मेलेला उंदीर बघून तेच पळून जाईल."

म्हणाली खरी, पण हातमोजे उलटे घातले होते तिनं.

गाडीच्या भोंग्यातून आठ वर्षं एकच बाई 'ओला वेगळा, सुका वेगळा' असं ओरडत होती. तिचा आवाज आला की लोक खिडक्या लावून घेत. मी म्हटलं, काहीतरी गोड ऐकवलं तर लोक ऐकतील. बुवांचं निरूपण ऐकून मी स्वतः सासऱ्यांशी पुन्हा बोलायला लागलो होतो, यावरून त्या गळ्याची ताकद ओळखा.

गुरुवारी पहिल्याच गल्लीत खिडक्या उघडल्या. लोक बादल्या घेऊन आले आणि डोळे मिटून उभे राहिले. बादली कुणी रिकामी करेना. ड्रायव्हरनं गाडी हलवली, तशा त्याच गल्लीतल्या मास्तरीणबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "दृष्टांत चाललाय. संपू दे."

बुवा सुरात विचारत होते, 'गेलेल्याचं काय धरून बसलास? सोड रे बाबा, सोड.'

आणि मंडळी, लोकांनी सोडलं! मास्तरीणबाई आत गेल्या नि यजमानांचे बूट घेऊन आल्या, पॉलिश केलेले. यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. शिंप्यानं भावाचा चष्मा आणला. मागून स्वेटर, कवळ्या, कारखान्याची हेल्मेटं. आणि एक्स-रे. घराघरातून छातीचा एक्स-रे, नाव लिहिलेल्या पाकिटात. मी पाकिटं मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

"मुकादम, कवळी ओल्यात का सुक्यात?" अक्कानं हळूच विचारलं.

"सुक्यात," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला खात्री नव्हती.

गाडी पहिल्या गल्लीतच भरली. पुढच्या तीन गल्ल्यांचा कचरा उन्हात शिजत पडला. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. मागचं दार उघडून बराच वेळ आत बघत राहिले.

"सुक्यात ओल्याचा कण नाही. कमाल आहे."

शंभरपैकी शंभर देऊन, नाकाला रुमाल लावून ते निघून गेले. पुढच्या गल्ल्या बघायला त्यांना सवड नव्हती. अक्का फुटपाथवर बसून रडली.

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली कचरा डेपोच्या फाटकाशी हजर.

"भरात देऊन बसले हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दाराशी बुटांची जागा मोकळी बघवत नाही."

आता नियम असा, की गाडीत पडलेली वस्तू नगरपालिकेची. डेपोतून सुतळीचा तुकडा दिला तरी ती चोरी. नियम सांगायला मी तोंड उघडलं. पण अक्कानं घरागणिक वेगळी गोणी बांधून ठेवली होती.

"येणार हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली, आणि एकेक गोणी देत गेली. मी पाठ फिरवून समुद्र बघत उभा राहिलो. माझी दया साधारण एवढीच असते.

इथं संपलं असतं. पण आमची माणसं पडली कृतज्ञ. मास्तरीणबाईंनी वळणदार अक्षरात नगरपालिकेला आभाराचं पत्र धाडलं. अक्कांनी डेपोतून कुणाला काय परत दिलं, सगळं तारखेनिशी. खाली गल्लीतल्या प्रत्येक घराची सही.

हेडक्लार्कनी बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक आदर्श वॉर्डाचं प्रशस्तिपत्र, माझ्या नावानं, त्यातच गाडीवरच्या कंत्राटांना मुदतवाढ. दुसरा, चोरीबद्दल अक्काला कामावरून कमी केल्याची नोटीस.

"इतका नीटनेटका पुरावा उभ्या नोकरीत पाहिला नाही," ते म्हणाले. "दोन्हींवर सही करा."

"दुसऱ्यावर नाही करणार."

"मग पहिलाही परत जाईल. बाकीच्या तिघीही घरी."

अक्का दारातच उभी होती. "करा मुकादम," ती म्हणाली. "त्या तिघींची पोरं लहान आहेत. आणि उगाच चेहरा पाडू नका, साहेबांना वाटेल तुम्हीच चोर."

मी सही केली. दोन्हींवर.

बायको रोज म्हणते, ते प्रशस्तिपत्र भिंतीला लावा. मी म्हणतो, खिळा सापडत नाही. खिळ्यांचा डबा गेले आठ दिवस माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली आहे.