भिंगरीराव एका जागी उभे राहतात

चिखलातून चालायला जायचं, हे ठरवलं बाईंनी. भिंगरीरावांनी नुसतं "हो" म्हटलं, आणि तेही चपला शोधता शोधता.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, आणि घरातली शिस्त पाहता नवराही मनातल्या मनात तेच म्हणे. भिंगरीराव हे नाव ऑफिसातलं. हेडक्लार्कच्या खुर्चीत हा गृहस्थ टेकलेला कोणी पाहिला नव्हता. खुर्चीचं रेक्झिन अजून कोरं होतं. सिनेमा संपायच्या आधी हे दाराशी, बस थांबायच्या आधी पायरीवर. लग्न झाल्यापासून बाई त्यांच्याबरोबर फिरायला जात होत्या, पण बघायला मिळाली ती बहुतेक वेळा नवऱ्याची पाठच.

बाईंची थोरली बहीण आणि तिचे यजमान महिनाभराच्या प्रवासाला निघाले होते, आणि बाईंनाही बोलावत होते. अडचण भिंगरीरावांची होती. मागच्या सहलीत ताई म्युझियमच्या लॉकरमध्ये पर्स ठेवत होती, तेवढ्यात यांनी अख्खं म्युझियम उरकून बाहेर टॅक्सी बोलावली होती (आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला होता). तेव्हापासून ताईचं म्हणणं एकच, "तू ये. त्यांना आणायचं का, ते तू बघ."

बाईंनी बघायचं ठरवलं.

"रविवारी ओहोटी लागली की समोरच्या बेटापर्यंत चिखलातून चालत नेतात," त्या म्हणाल्या. "गाईड पुढे, तुम्ही सगळ्यांच्या मागे. तो थांबला की थांबायचं. चुळबुळ नाही, येरझारा नाहीत. जमलं, तर प्रवासाला यायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर महिनाभर घर सांभाळा. कुकर कसा लावायचा ते दाखवून ठेवते."

भिंगरीराव खिडकीपर्यंत जाऊन आले. कुकरचं काही नव्हतं. पण बाईंना शाळेतून यायला जरा उशीर झाला, तरी हा माणूस खिडकी ते दार, दार ते खिडकी करून सतरंजी झिजवायचा. महिनाभर त्या घरात नसणार, या कल्पनेनेच त्यांना रडू येईल की काय असं झालं. हे अर्थातच ते बाईंना बोलले नाहीत. नवरे बोलत नाहीत.

रविवारी किनाऱ्यावर गाईड भेटला. दाढीवाला, हातात लांब काठी, आणि किड्यांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम. त्याने सगळ्यांना गोळा करून सूचना द्यायला सुरुवात केली. भिंगरीरावांनी विचार केला, परीक्षा चिखलात आहे, तोवर कोरड्यात पाय मोकळे करून घ्यावेत. ते परतीच्या बसचं वेळापत्रक वाचून आले. मग ज्या गावाला जायचंच नव्हतं, तिकडच्या बसचंही वाचून आले. परतले तेव्हा गाईड म्हणत होता, "एवढं लक्षात ठेवलंत, की काही होत नाही."

भिंगरीरावांनी जोरात मान डोलावली.

चालणं सुरू झालं. पचक, पचक. रांग गोगलगाईसारखी. पुढे जायला मोकळं रान पडलेलं, आणि आपण सगळ्यांच्या मागे. त्यांच्या पोटऱ्या फुरफुरत होत्या. तरी त्यांनी दातओठ खाऊन बाईंच्या पाठीवर नजर ठेवली. (पाठ पाहत चालणं किती कंटाळवाणं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.)

अर्ध्या वाटेत, चिखल लोण्यासारखा मऊ झाला होता तिथे, गाईडला एक किडा सापडला. गाईड थांबला, रांग थांबली. किड्याचं खाणं, पिणं, संसार, सगळं सुरू झालं.

भिंगरीराव खांबासारखे उभे राहिले. आजूबाजूला पाहतात तो काय, बाकीची मंडळी जागच्या जागी पाय उचलत होती, कवायत केल्यासारखी. खुद्द बाईसुद्धा. भिंगरीरावांचा ऊर अभिमानाने भरून आला. बघा म्हणावं, मला नावं ठेवता, आणि एका किड्यापुरतं कोणाला धड उभं राहवत नाही.

थोड्या वेळाने त्यांना बाई उंच झाल्यासारख्या वाटल्या. मग गाईडही उंच वाटला. मग बाईंनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, तुमचे गुडघे कुठे गेले?"

गाईड धावत आला. "पाय हलवा. आधीच सांगितलं होतं, मऊ जागी स्थिर उभं राहायचं नाही. हलवा पाय."

भिंगरीराव हलले नाहीत. त्यांना हा परीक्षेतला फसवा प्रश्न वाटला. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"हलवू?"

"हलवा हो."

"मग चुळबुळ धरणार नाहीस ना?"

"भरती यायची वेळ झाली," गाईड म्हणाला. "धरायचं-सोडायचं घरी गेल्यावर ठरवा."

चौघांनी काखेत हात घालून ओढलं. भिंगरीराव आले, बूट आले नाहीत. पुढचा मऊ पट्टा त्यांनी गाईडच्या हुकमावरून रांगत पार केला, आणि बेटावर पोचले तेव्हा त्यांचे डोळे आणि दात एवढंच ओळखू येत होतं.

बाई रुमालाने त्यांचा कान पुसू लागल्या. "बुडाला असतात. हलला का नाहीत?"

"तू नको म्हणालीस ना. आणि मला घरी एकट्याला राहायचं नाही," भिंगरीराव म्हणाले. चिखलाच्या आड असल्यामुळे एवढं बोलणं जमलं.

बाईंनी दुसराही कान पुसला, स्वतःचं नाक ओढलं, आणि पर्समधून फोन काढून बहिणीला लावला.

"ताई, तिकिटं दोघांची काढ. हो, येतायत तेही. नाही गं, राहतात आता एका जागी, अगदी गप्प. मी स्वतः पाहिलं." मग नवऱ्याकडे एकदा खालून वर पाहून म्हणाल्या, "फक्त गुडघ्यापर्यंत पुरावं लागतं."