एका नावेत दोन नवऱ्या

माझ्याइतकी तल्लख बुद्धी आमगावात दुसऱ्या कोणाकडे नाही, हे मी नम्रपणे मान्य करतो. तिरोड्यातही नसावी, चौकशी चालू आहे.

रविवारी सकाळी धनेंद्रचा फोन आला. बोदलकसा तलावावरच्या त्याच्या एकुलत्या एका नावेचं बुकिंग त्यानेच बनवलेल्या ॲपवर चालतं. लग्नाआधीचे फोटो काढायला दोन जोडपी आली होती आणि दोघांच्याही मोबाइलवर तीच नाव, तीच वेळ. दोन्ही नवऱ्या लहेंगे सावरत काठावर एकमेकींकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत होत्या.

गावातला एकमेव गुप्तहेर म्हणून मी पोचलो. आधी वाटलं, शत्रूचा घातपात. पण शत्रू परवडावा एवढा धनेंद्रचा धंदाच नव्हता. मग नावाड्यावर संशय घेतला. त्याच्याकडे मोबाइलच निघाला नाही. तिसरा सिद्धांत मात्र बिनतोड होता. दोन्ही नवरदेव तपकिरी शेरवानीत होते. म्हणजे नवरदेव एकच, आणि त्यानेच दोघींसाठी नाव बुक केलेली. ते दोघं शेजारी शेजारी उभे होते, हा तपशील मी तूर्त बाजूला ठेवला.

हे मी रविता नावाच्या नवरीला सांगितलं. तिने आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडे, उमेंद्रकडे, असं पाहिलं की तो मागे सरकत सरकत घोटाभर पाण्यात गेला. डोळे पुसत ती बोटातली अंगठी काढायला लागली.

तेवढ्यात धनेंद्रची बहीण चेतना आली. ॲप दिसायला कसं असावं, हे तीच पाहते. एकदा दिलेली नाव त्या वेळेला दुसऱ्याला द्यायची नाही, हा नियम कुठे लिहिलास, असं तिने भावाला विचारलं.

“हिरव्या बटनात,” धनेंद्र म्हणाला.

चेतनाने कपाळाला हात लावला. ते बटण जुनाट दिसतं म्हणून तिने आदल्याच दिवशी काढून टाकलं होतं आणि तिथे नावेचं सुंदर चित्र बसवलं होतं. बटणाबरोबर नियमही गेला होता.

“बटन दाबासाठी असते,” ती म्हणाली. “नाव खाली हाय का भरली, हे त्याच्या पोटात कायले कोंबून ठेवलं? दिसनं अलग ठेव, अक्कल अलग ठेव.”

तिथेच बसून तिने नियम वेगळ्या फाइलीत लिहिला. चित्र दाबलं की त्याने आता फक्त त्या नियमाला विचारायचं, नाव रिकामी आहे का. खात्रीसाठी तिने नावेच्या चित्राच्या जागी मासा बसवून पाहिला. तरी एकदा दिलेली नाव ॲपने पुन्हा दिली नाही. दुसऱ्या जोडप्याला पुढची वेळ मिळाली. रविताने अंगठी परत चढवली आणि उमेंद्र पाण्यातून बाहेर आला.

नावेत चढता चढता ती माझ्याजवळ थांबली.

“दिसायले तं तुमी पक्के जासूस दिसता,” ती म्हणाली. “पन अक्कल कुठं ठेवली?”

“अलग,” मी म्हणालो.