तीन यंत्रांचा ढग

“आजपासून ही संस्था कुणाच्याही उसन्या ढगाखाली राहणार नाही,” अशी ऐतिहासिक घोषणा संचालकबाईंनी केली, तेव्हा माईक बंद होता. त्यामुळे इतिहास पहिल्या दोन रांगांपुरताच घडला.

संस्था शब्दकोशाची. चाळीस वर्षं गोळा केलेले शब्द आजवर एका परक्या कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे कुठेतरी दूर त्यांच्या संगणकांवर, ठेवलेले असत. आता ते घरच्या क्लाउडवर यायचे होते. हे काम सहा महिन्यांच्या कच्च्या नेमणुकीवर आलेल्या एका संगणकवाल्याकडे होतं. सगळे त्यांना ढगवाले म्हणत. त्यांनी तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत तीन जुनी यंत्रं एकमेकांना जोडली आणि त्यांवर ओपन सोर्स सॉफ्टवेअर चढवलं. हे सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून लिहितात, ते कुणालाही उघडून बघता येतं, आणि काही अडलं की तीच माणसं ‘आधी माहितीपत्रक वाचा’ असं प्रेमाने सुचवतात. ढगवाल्यांनी ते तीनदा वाचलं होतं.

सहा महिने आज संपत होते. अकराला अध्यक्ष येऊन क्लाउड बघणार आणि पटलं तर कायम नेमणुकीच्या पत्रावर सही करणार. नेमणूक झाल्याचं ढगवाल्यांच्या बायकोने आपल्या भावाला आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे परतीचे दोर कापलेले.

साडेदहाला पडद्यावर शब्दांऐवजी कोरं पान आलं. ढगवाले धावत तळमजल्यावर गेले. तीन यंत्रांच्या जागी एकच होतं.

चूक त्यांचीच होती. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर एका यंत्राची वायर उपटून त्यांनी सांगितलं होतं, “तिन्हींवर सगळ्याची नक्कल आहे. यातलं कुठलंही एक काढा, कुणाला पत्ताही लागणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वाक्य लक्षात ठेवलं. दोघांनी ठेवलं, हे वाईट झालं. उरलेलं यंत्र धडधाकट होतं, पण एकटं. आणि एकट्या यंत्राला ‘मी बरोबर, की न दिसणारे ते दोघे?’ हे ठरवता येत नाही, म्हणून ते गप्प बसतं. असा विनय संस्थेच्या कार्यकारिणीत आजवर आढळला नव्हता.

पहिलं यंत्र ग्रंथपालांच्या टेबलाखाली सापडलं.

“माझा संगणक सकाळी गेला,” ग्रंथपाल शांतपणे म्हणाले. “तुम्हीच म्हणालात ना, एक नेलं तर कळत नाही. आणि खरंच, तुम्हाला आत्ता कळलं.”

“अहो, त्यावर चाळीस वर्षांचे शब्द आहेत.”

“होते. सगळं पुसून घेतलं मी. उष्टं यंत्र मला चालत नाही.”

दुसरं यंत्र पहिल्या मजल्यावर, संचालकबाईंच्या दालनात होतं. टेबलाच्या मधोमध, भरतकामाच्या रुमालाखाली, शेजारी फुलदाणी. अध्यक्षांना ‘हा आपला ढग’ म्हणून दाखवायला काहीतरी समोर हवं, असं बाईंचं मत होतं. ते जागचं हलणार नाही, बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा, असं त्यांनी सांगून टाकलं. खालचं यंत्र वर आणावं, तर ते दोन माणसांनाही उचलवत नव्हतं. म्हणून तर ते कुणी नेलं नव्हतं.

पावणेअकराला बायकोचा फोन आला. दादा विचारतोय, झालं का? ‘होतंय’ म्हणून ढगवाल्यांनी फोन ठेवला आणि इमारतीतली सगळ्यात लांब वायर तळमजल्याच्या खिडकीतून वरच्या खिडकीत ओढून घेतली. घेतल्यावर कळलं, तिच्या वरच्या टोकाची, यंत्रात अडकून बसणारी खुट्टी तुटलेली आहे. बोटाने दाबून धरली की दोन्ही यंत्रांची गाठ पडे आणि शब्द येत. बोट सैल झालं की कोरं पान. दुसरी वायर शोधायला ते वळणार, तेवढ्यात अध्यक्ष आलेच.

ढगवाले रुमालाखाली हात घालून उभे राहिले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाई एकेक शब्द उघडून दाखवत होत्या. अध्यक्ष मान डोलवत होते, ‘वा’ म्हणत होते, अक्षर किती ठसठशीत आलंय म्हणत होते. मधेच त्यांनी विचारलं, “हे सारखा हात ठेवून का उभे आहेत?”

“जीव लावतात हो फार,” बाई म्हणाल्या.

ढगवाल्यांच्या बोटाला मुंग्या आल्या, मग मनगटाला, मग खांद्याला. पडदा मात्र ढळला नाही. शेवटी अध्यक्षांनी नेमणुकीचं पत्र पुढे ओढलं, पेन उघडलं, पत्र डोळ्यांजवळ नेलं, मग हातभर लांब धरलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“सही झालीच समजा,” ते ढगवाल्यांना म्हणाले. “पण वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. चष्मा गाडीत राहिलाय, मघापासून सगळं नुसतं धुरकट दिसतंय. तो आला की तुमचा पडदाही एकदा नीट बघतो. तुम्ही उभेच आहात, तर जरा आणता का?”