तात्यांचा गार चहा

जुन्नरात कुणाच्याही घरी जा, "घ्या पावणं, चा गार व्हतोय" असा आग्रह होतो. आमच्या शेजारचे गेनूतात्या मात्र पाहुण्याचा पेला हातानं अडवत आणि म्हणत, "थांबा राव, अजून गरम हाय!"

मग फ्रिजमधला बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटायचा, खडे पेल्यात सोडायचे आणि मान कलती करून विचारायचं, "आता बोला, कसा हाय?"

पाहुणे तोवर गार पडलेले असत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आळीत मोजकेच फ्रिज होते, पण तात्यांच्या फ्रिजमध्ये मला भाजी कधी दिसली नाही. नुसते चहाचे तांबे. करवंदाचा, डाळिंबाचा, जांभळाचा. सुरुवातीला त्यांनी नेहमीच्या दुधाच्या चहातच द्राक्षं कुस्करली. चहा नासला. गाळणीत डोकावून तात्या म्हणाले, "पनीर झालं की राव!" तेव्हापासून दूध बंद, लिंबू सुरू. जांभळाच्या चहानं निम्म्या आळीच्या जिभा रंगल्या. लाईट गेली की तात्या फ्रिजपुढं खुर्ची टाकून बसत. "कुनी दार उघडायचं न्हाई. गारवा पळंल."

सोनाकाकू वैतागत. "आदी स्टोव्ह पेटवून उकळायचं, मंग बरफ घालून गार करायचं. सरळ पानी प्या की!"

तात्या घोट घेऊन डोळे मिटत. "न्हाई. ही ती चव न्हाई." उरलेला तांब्या आमच्याकडे येई.

ती चव कुठली, हे मला काकूंनीच एकदा सांगितलं. त्यांच्या लेकीनं, रेखानं, पुण्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि तात्यांनी बोलणं टाकलं. नातू झाला तेव्हा मात्र ते कुणाला न सांगता एकटेच तिच्याकडे गेले. ऐन उन्हाळा. बाप दारात बघून रेखा गडबडली. घरात होता तो सगळ्यात खास प्रकार म्हणून तिनं फळं घातलेला गार चहा पुढं केला. तात्या एक घोट घेऊन उठलेच. "बापाला गार चा देती?" चपला घातल्या आणि तडक स्टँड गाठला. पोरीनं मानानं दिलेला पेला आपण तसाच टाकून आलो, हे त्यांना परतीच्या बसमध्ये नारायणगाव आल्यावर उमगलं.

"तवापासनं ह्ये चाललंय," काकू म्हणाल्या. "तसा चा जमला की बोलवीन म्हनत्यात. चा जमत न्हाई, आन् पोरीला बोलवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तात्या आंब्याचा चहा घेऊन आले. मी म्हटलं, "तात्या, रेखालाच विचारा की. फोन आहे आमच्याकडे."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग काकूंना हाक मारून नंबर मागितला. पलीकडून आवाज आला तसे खाकरले.

"रेखा? मी बोलतोय. त्यो गार चा कसा करती गं तू?"

तात्या रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे. मग हळूहळू "हं... हं..." सुरू झालं.

"लिंबू चा गार झाल्यावर घालायचं व्हय? आमी उकळतानाच घालत व्हतो... न्हाई गं, नुसतं ऐकून न्हाई जमायचं मला. तू येऊन दाव. आन् त्यालाबी आन." थोडं थांबून आवाज बारीक झाला. "नातवाला तर आनशीलच. मी जावयाचं म्हनतोय."

पुढच्या रविवारी त्या तिघांची बस दुपारी येणार होती. तात्या नवा सदरा घालून सकाळीच स्टँडवर जाऊन बसले.