बोर्डाला अहो म्हणणारे आडे गुरुजी

आमच्या शाळेतल्या डिजिटल बोर्डाला आडे गुरुजी अहो-जाहो करतात. वर्गातल्या पोरांना दिवसभर 'अबे लेका' म्हणणारा हा माणूस बोर्डासमोर उभा राहिला की आवाज खाली आणतो. पडद्यावर 'थोडा वेळ थांबा' असं आलं की म्हणतो, "थांबतो जी, घाई नाही." एखादी फाईल पुसताना बोर्ड 'नक्की पुसायची का?' असं विचारतो. आपण बोट टेकवून मोकळे होतो. गुरुजी क्षणभर विचार करतात आणि तोंडानं उत्तर देतात, "हो जी, पक्कं आहे. पाह्यली मी." मगच बोट टेकवतात.

"गुरुजी, त्याला ऐकू येत नाही," मी एकदा म्हटलं.

"पण इचारलं न त्यानं. उत्तर नाही देल्लं तर बरं दिसते का?"

पांढरकवड्याच्या पुढे महामार्ग सोडून आत वळलं की कापसाच्या आणि तुरीच्या वावरांमधून रस्ता आमच्या तांड्यावर येतो. शाळा दोन शिक्षकांची. एक मी, मूळची बाभुळगावची. दुसरे आडे गुरुजी, याच तांड्यावर जन्मलेले. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजी निवृत्तीला टेकलेले, उंच, काटकुळे. शर्टाचा खिसा खडूनं कायमचा पांढरा. बोर्ड आल्यावरही खडू खिशातून गेला नाही. "तो बिमार पडला तं?" असं त्यांचं त्यावर म्हणणं.

कुठलाही बिघाड, कुठलंही भांडण असो, गुरुजींचं वाक्य ठरलेलं: "त्याचंबी काही म्हणणं असन." पोरानं दुसऱ्याची पाटी फोडली, त्याचंबी काही म्हणणं असन. बकरी कुंपणातून घुसली आणि आम्ही लावलेली पालक खाऊन गेली, तिचंबी काही म्हणणं असन. वरून भलत्याच वेळी माहिती मागवली, तर साहेबाचंबी काही म्हणणं असन. त्यामुळे बोर्ड मध्येच काळा पडला तेव्हा मी वायर हलवत होते आणि गुरुजी हात मागे बांधून त्याच्याकडे पाहत होते. दुखणं सांगायला वेळ घेणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसे.

बोर्ड यायच्या आधी पांढरकवड्याला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे सर तरुण होते, भराभर बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

गुरुजी उठून उभे राहिले. "हा बंद कसा करायचा जी?"

सगळा हॉल हसला. सरही हसले. "गुरुजी, आधी सुरू करायला तर शिकू."

"सुरू तं माझे पोट्टेही करतीन. बंद करता आलं की भेव नाही वाटत मले."

त्यांना बंद करायचं बटण दाखवलं गेलं. मग गुरुजींनी ते इतक्या वेळा दाबून पाहिलं की सरांना शेवटी हात जोडावे लागले.

शाळेत बोर्ड लागला आणि खरी मजा सुरू झाली. त्यात एक सोय होती: आपण बोलायचं, त्यानं लिहायचं. गुरुजींना ती फार आवडली. पोरांना गोल बसवून त्यांनी पहिला प्रश्न सांगितला, "मले सांगा, पाऊस काहून पडते?"

बोर्डानं लिहिलं, 'मळे सांगा पाऊस कानून पडते.'

पोरं खिदळली. गुरुजींनी चष्मा नीट करून दोनदा वाचलं. "त्याचंबी काही म्हणणं असन. पाण्याचाही काही कानून असतेच न."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळा प्रयोग केला. मान ताठ केली, घसा साफ केला आणि बातम्या सांगणाऱ्या माणसासारखे बोलले, "मला सांगा, पाऊस का पडतो?" बोर्डानं एकही चूक न करता लिहिलं. पोरं मात्र एकमेकांकडे पाहू लागली. दुसरीतल्या एका पोरीनं काळजीनं विचारलं, "गुरुजी, तुमाले बरं नाही का?"

पहिलीच्या पोरांची निराळीच अडचण होती. त्यांच्या घरात गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. शाळेत यायचं म्हणजे त्यांना मराठीच परकी, आणि बोर्डावरच्या व्हिडिओतली बाई तर अगदी घासून-पुसून बोलायची. ती म्हणायची, "आई भाकरी करते," आणि पोरं तिच्याकडे नुसती पाहत राहायची. मग गुरुजी बोर्डाच्या शेजारी जाऊन उभे राहू लागले. बाई 'आई' म्हणाली की गुरुजी 'याडी' म्हणायचे. बाई 'भाकरी' म्हणाली की गुरुजी 'बाटी'. दोन वाक्यं झाली की बाईला थांबवायचे, "थांबा जी जरा, यायले समजू द्या." पोरांच्या माना हलल्या की म्हणायचे, "हं, सांगा आता पुढं."

दिवाळी झाली आणि नेहमीप्रमाणे वर्ग पातळ झाला. तांड्यावरची बरीच घरं ऊस तोडायला जातात, लेकरं बरोबर नेतात. त्याच सुमाराला निरोप आला की केंद्रप्रमुख गुरुजींचा डिजिटल पाठ पाहायला येणार.

गुरुजींनी तयारी जोरात केली. मोबाईल बोर्डाला जोडला की मोबाईलमधलं सगळं मोठं होऊन पडद्यावर दिसतं, हे मी त्यांना शिकवलं. झाडांच्या पानांचे फोटो त्यांनी स्वतः तांडाभर फिरून काढले. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि केंद्रप्रमुखांच्या आधी बोर्डाला नमस्कार करून मोकळे झाले.

पाठ छान सुरू झाला. पळसाचं पान आलं, सागाचं आलं. केंद्रप्रमुख मान डोलवत होते. कडुलिंबाचं पान येणार तेवढ्यात खोली दणाणून घंटी वाजली आणि पडद्यावर लिहून आलं: रोशनीचे बाबा. व्हिडिओ कॉल होता. गुरुजी गडबडले. नको म्हणायला गेले आणि बोट पडलं हिरव्यावर.

भिंतभर एक पोरगी उमटली. विस्कटलेले केस, मागे उसाच्या पाचटाची खोपी, हातात दुसरीचं पुस्तक.

"गुरुजी, आज फोन काहून नाही केला? मी कव्हाची धडा काढून बसली."

"रोशनीऽऽ!" अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

गुरुजींनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. मग ती ताठ मान, तो बातम्यांचा आवाज, सगळं गळून गेलं. "साहेब, माझीच पोरगी आहे, दुसरीतली. तोडीवर गेली माय-बापासंगं. तिचं एवढं वाचून होऊ द्या जी."

केंद्रप्रमुख काही म्हणायच्या आत ते वळले होते. मोबाईल उचलून त्यांनी तिला सगळा वर्ग दाखवला. ती लाजली, तोंडावर पुस्तक धरलं, मग बोट ठेवून वाचू लागली. एका जोडाक्षरावर अडली. "स्व... स्व..." पोरांनी एकसाथ ओरडून सांगितलं, "स्वच्छ!"

"चूप बसा रे!" गुरुजींना इतक्या जोरात ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तिचं तिले वाचू द्या."

सगळे थांबलो. केंद्रप्रमुखही थांबले. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज भिंतीतून येत होता. "स्व-च्छ," रोशनी म्हणाली आणि हसली. पुढची ओळ सुरू करणार तोच मागून तिच्या आईची हाक आली. तिनं पुस्तक ठेवलं, खाली वाकून रडणारा लहान भाऊ कडेवर घेतला, आणि पडदा बंद झाला.

"रोज करता का हे?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"रोज नाही होत जी. तिचा बाप मोबाईल खोपीवर ठेवून गेला तं होते. शाळा भरायच्या आधी मी टाकीवर चढून लावतो. तिथं रेंज पक्की भेटते."

कडुलिंबाचं पान दाखवायचं राहूनच गेलं. जाताना केंद्रप्रमुख गाडीजवळ जरा घोटाळले आणि म्हणाले, "पाठ चांगला झाला." कुठला पाठ, ते त्यांनी सांगितलं नाही.

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना गाठलं. सकाळी सकाळी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर उभा राहून हा माणूस कोणाशी मोठमोठ्यानं बोलतो, याबद्दल मी मनात काय काय समजून बसले होते. "मला सांगितलं असतं तर मीही फोन केला असता," मी म्हटलं.

गुरुजी बोर्ड पुसत होते. फडक्यानं, हलक्या हातानं.

"माझी बहीण आहे, सोनाबाई," ते म्हणाले. "माझ्याहून लहान. बापानं मले मामाकडं ठेवलं, शाळा शिकाले. तिले तोडीवर नेलं, धाकट्याले सांभाळाले. डोकं तिचंच चांगलं होतं मॅडम. सुट्टीत मी पाढे म्हणाचो, तिचे ऐकून पाठ. पण लिहता नाही आलं कधी. आता दिग्रसकडं असते. नातवानं मोबाईल देल्ला तिले. रोज सकाळी फुलायचे फोटो पाठवते. मी लिहून पाठवलं तं वाचता येत नाही."

"मग?"

"मंग आता शिकवून राह्यलो. पोट्टे गेले की बोर्डावर एक अक्षर काढतो मोठं, त्याचा व्हिडिओ करतो अन् पाठवतो. पह्यल्या दिवशी लय रागावली. म्हणे, मसणात जायच्या वयात कायले? दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हणे आजचं अक्षर कुठं आहे?"

एवढं बोलून त्यांनी फडकं झटकलं, बोर्डाला "हं, चला जी" म्हणाले आणि अक्षर काढायला लागले. मी निघाले. दारातून पाहिलं, तर गुरुजी 'ळ' गिरवत होते आणि मोबाईलकडे बघून, अगदी पहिलीच्या वर्गाशी बोलावं तसे, गोरबोलीत काही समजावत होते.

त्यानंतर आम्ही त्या विषयावर फारसं बोललो नाही. तुरी निघाल्या, उन्हं तापायला लागली. एके दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही ओट्यावर खिचडी खात होतो. गुरुजींचा मोबाईल वाजला. त्यांनी तो आधी लांब धरून पाहिला, मग जवळ आणला, मग चष्मा काढून पुसला. ताट बाजूला ठेवून ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, वाचा बरं हे. मोठ्यानं."

पडद्यावर एकच शब्द होता. "भिय," मी वाचलं.

"भिया," गुरुजी म्हणाले. "भाऊ. काना राह्यला तिचा."

"मग कळवा ना त्यांना, काना द्या म्हणून."

"सांगू उद्या." त्यांनी मोबाईल परत घेतला नाही. पोरांकडे पाठ करून उभे राहिले. "एक डाव अजून वाचा जी."

मी पुन्हा वाचलं. काना न देता, तिनं लिहिलं होतं तसंच.